सासऱ्यांची जमीन, आमचा फ्लॅट आणि टँकरचं पाणी

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही चंदननगरला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो, भाडं १९ हजार. मिस्टर खराडीला आयटीत आहेत, मी घरून दोन दुकानांचे अकाउंट्स बघते, मुलगी सहा वर्षांची आहे. मागच्या रविवारी नगर रोडच्या बाजूला एका गावात (२०२१ ला पुणे महापालिकेत आलेलं गाव आहे, नाव छापू नका प्लीज) आम्ही टू बीएचके बघायला गेलो आणि ह्यांनी तिथल्या तिथे १ लाख टोकन देऊन टाकलं. २२ मजली चार टॉवर, ४०० फ्लॅट, किंमत ६८ लाख, पझेशन डिसेंबर २०२८. सासरे लातूरकडे औशाजवळच्या पाच एकरातली दोन एकर विकून २२ लाख द्यायला तयार झालेत, बाकी टॅक्स-रजिस्ट्रेशन धरून ५५ लाखांचं लोन. मी सेल्सच्या मॅडमला विचारलं पाणी कुठून येणार, तर म्हणाली महापालिकेची लाइन दीड वर्षात येतेय. मग विचारलं आत्ता शेजारच्या सोसायट्या काय करतात, तर तिने मला मॉडेलमधला स्विमिंग पूल दाखवला. हे म्हणतात तू निगेटिव्ह आहेस, मेट्रो येणार आहे, रेट दुप्पट होतील, ऑफर पाडव्यापर्यंतच आहे. सासऱ्यांसमोर बोलले तर त्यांना वाटेल सुनेलाच घर नकोय. मला घर हवंय हो ताई, खूप हवंय. पण मी लातूर शहरात वाढलेय, पाणी नसलेलं घर काय असतं ते मला माहितीये. काय करू?

— गोंधळलेली सून, नगर रोड

उत्तर:

अगं, त्या स्विमिंग पूलवर आधी मी खूप हसले आणि मग गप्प बसले, कारण २०११ साली मलाही असंच दाखवलं होतं, पूल नव्हता, धबधबा होता. गेटमधून आत आलं की काळ्या दगडावरून पडणारा धबधबा, खाली निळे लाइट. पझेशननंतर तीनेक महिने चालला असेल. मग त्याची मोटर काढून वरच्या टाकीला लावली आणि त्या दगडांवर आम्ही कुंड्या ठेवल्या, त्यातली तुळस मात्र छान आली हो. पुढची नऊ वर्षं मी सोसायटीच्या कमिटीत होते, त्यातली पाच सेक्रेटरी, आणि त्या नऊ वर्षांत मी सगळ्यात जास्त फोन कुणाला केले असतील तर नवऱ्याला नाही, आईला नाही, टँकरवाल्याला. म्हणून तुला निगेटिव्ह म्हणणाऱ्यांच्या यादीत मला धरू नकोस.

उत्तर आधी देते, गप्पा नंतर. जमीन विकू देऊ नका, निदान आत्ता नाही. टोकन परत मागा. आणि ज्या रस्त्यावर तो टॉवर होणार आहे त्याच रस्त्यावर कुठल्यातरी तयार सोसायटीत एक वर्ष भाड्याने जाऊन राहा, एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा. त्यानंतरही तिथंच घर घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या, मी स्वतः पेढे मागेन.

टोकनचं पहिलं बघ कारण तिथे दिवस मोजले जातात. तुला अलॉटमेंट लेटर, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावाने ठेवल्याचं बिल्डरचं पत्र, दिलंय का? महारेराने (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) अलॉटमेंट लेटरचा जो नमुना ठरवून दिलाय त्यात असं आहे की लेटर मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० मध्ये दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. आता ६८ लाखांवर लावून बघ, १ टक्का म्हणजे ६८ हजार, दीड टक्का म्हणजे १ लाख २ हजार. म्हणजे एकतिसाव्या दिवशी तुमचं टोकन संपलं. सेल्सवाले "सर विचार करा, घाई नाही" असं गोड बोलत तेवढे दिवस आरामात घालवतात. तुमच्या लेटरमध्ये वेगळं काही लिहिलंय का ते शब्द न शब्द वाच, आणि रद्द करायचं ते ईमेलवर करायचं, फोनवर नाही. लेटर दिलंच नसेल, नुसती पावती असेल, तर आणखी बरं, आजच मेल टाक. आणि लक्षात ठेव, रजिस्टर्ड करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे त्यांना घेताच येत नाहीत, रेरा कायद्यातच आहे ते, त्यामुळे "पाडव्याला २० टक्के भरा, अॅग्रीमेंट नंतर करू" म्हणाले तर तिथूनच उठून या.

आता पाणी. तू लातूरची म्हणून हे तुला एका मिनिटात कळेल, तुझ्या नवऱ्याला कदाचित दोन लागतील. एका माणसाला दिवसाला १३५ लिटर हा सरकारी हिशेब. घरात चार माणसं धर, ५४० लिटर. ४०० फ्लॅट, म्हणजे रोजचं २ लाख १६ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज बावीस टँकर गेटातून आत आले पाहिजेत. आणि एप्रिल २०१६ मध्ये तुमच्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली होती आठवतं, दहा वाघिणी, साधारण ५ लाख लिटर, टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितली ती गाडी. ती आख्खी गाडी आणून ह्या एका सोसायटीत रिकामी केली तर जेमतेम सव्वादोन दिवस पुरेल. एका सोसायटीला. त्या रस्त्यावर अशा किती आहेत ते गच्चीवर जाऊन मोज.

पैशाचा हिशेब पण करू. आकडा सोपा जावा म्हणून टँकर हजार रुपयाला धरते, उन्हाळ्यात तो भाव राहत नाही हे सांगायला नको. बावीस टँकर, तीस दिवस, ६ लाख ६० हजार महिन्याला, फ्लॅटमागे १६५० फक्त पाण्याचे. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) नीट चालवला आणि फ्लशला, झाडांना ते पाणी वापरलं, बोअरला थोडं लागलं, तर ह्यातले काही टँकर वाचतात. पण वाचतील ते मार्चपर्यंत. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, पाणी असतं ते भेगांमध्ये, आणि चार टॉवरने बोअर मारले, शेजारच्या चार टॉवरने मारले की त्याच भेगांमधलं तेच पाणी सगळे ओढतात. सेल्सवाला मेंटेनन्सचा जो आकडा सांगतो त्यात टँकर धरलेत का हे एकदा लेखी विचार. उत्तर येणार नाही. ते न येणं म्हणजेच उत्तर.

आणि टँकर म्हणजे नुसता पैसा नाही गं. आम्ही बांबूची काठी ठेवली होती गेटवर, टँकर आला की झाकण उघडून काठी आत घालून पाणी मोजायचं, कारण दहा हजाराच्या टँकरमध्ये कधी साडेआठच असायचं, कधी झाकणाखाली गंज असायचा, आणि ड्रायव्हरशी भांडावं तर उद्या तो येत नाही. एका नरकचतुर्दशीला पहाटे टँकरच आला नाही, ड्रायव्हर गावाला गेला होता, त्यालाही दिवाळी असतेच की. बाराव्या मजल्यावरच्या आजींनी अभ्यंगस्नान केलं ते बिसलेरीच्या जारने. तेव्हा सगळे हसलो, ग्रुपवर फोटो टाकले. पण त्या आजी पुढच्या दिवाळीला गावी निघून गेल्या ते परत राहायला आल्याच नाहीत.

पाणी कुठून भरून आणलं हे तर कुणी विचारतच नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ह्या भागात जीबीएस ह्या नसांच्या आजाराचे पेशंट एकदम वाढले तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा कळलं की नळाला येणारं पाणीसुद्धा विहिरीतलं, नुसतं क्लोरीन टाकलेलं असू शकतं. दूषित पाण्यावर संशय गेला, विहिरी तपासल्या, टँकर तपासले. ही पण नव्याने हद्दीत आलेलीच गावं, धायरी २०१७ ची, बाकी दोन २०२१ ची.

त्यावरून आठवलं, "महापालिकेत आलंय म्हणजे आता पाणी येईलच" हे जे तुझे मिस्टर म्हणतात ना (तू लिहिलं नाहीयेस पण म्हणत असणारच, सगळे म्हणतात), त्यांना बाणेर-बालेवाडी सांग. ती गावं पालिकेत आली १९९७ ला. आणि २०१६ मध्ये पाणीच पुरत नाही म्हणून हायकोर्टाला तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांवर काही काळ रोख लावावा लागला. एकोणीस वर्षं झाली होती पालिकेत येऊन! आज तिथले रेट काय आहेत ते मला माहितीये, तुझ्या नवऱ्यालाही माहितीयेत, म्हणूनच तो म्हणतोय की थांबलो तर चुकेल. खोटं नाहीये त्याचं. पण ज्यांना तिथे फायदा झाला त्यांनी मधली वर्षं कशी काढली ते कुणी रेटच्या चार्टमध्ये दाखवत नाही.

असं का होतं, तर टॉवर उभा राहायला तीन-चार वर्षं लागतात आणि पाणी यायला तीन-चार निवडणुका. एकदम ११ गावं २०१७ ला घेतली, मग २३ गावं जून २०२१ ला. त्याआधी ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी पीएमआरडीएच्या (पालिकेबाहेरच्या पट्ट्यासाठीचं सरकारी विकास प्राधिकरण) परवानगीने टॉवर झाले आणि पाणी द्यायचं ग्रामपंचायतीने, तिच्याकडे एक विहीर, एक टाकी, दोन कर्मचारी. मग पालिका आली, पण पालिकेने गावं घेतली म्हणून धरणं मोठी होत नाहीत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही काठोकाठ भरली तरी सगळं मिळून साधारण २९ टीएमसी, आणि त्यातच दौंड-इंदापूरचा ऊसही आहे आणि कोथरूडचा शॉवरही. पूर्व भागासाठी भामा-आसखेड धरणाचं पाणी आणायचं ठरलं, ते किती रखडलं, धरणग्रस्तांचं पुनर्वसन अर्धवट म्हणून आंदोलनं झाली आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, शेवटी जानेवारी २०२१ ला पाणी आलं. मुद्दा इतकाच की पाण्याची लाइन म्हणजे नुसता पाइप नसतो. वर धरणातला कोटा, मग शुद्धीकरण केंद्र, मग टाकी, टाकीला जागा, जागेचा मालक, मग रस्ता खोदायची परवानगी, आणि ह्यातलं एक जरी अडलं तरी बाकी सगळं कोरडं. बांधकाम परवानगीचं मात्र तसं नाही, तिथे पालिकेला पैसे मिळतात, तिच्या उत्पन्नातला मोठा वाटा तिथूनच येतो, त्यामुळे ती फाइल बरोबर चालते.

ह्यात एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. अशा भागात परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतात की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. छान आहे ना? आता तुझ्या करारनाम्याचा मसुदा मागव आणि शोध, कुठेतरी बाविसाव्या-तेविसाव्या पानावर बारीक अक्षरात असेल की पाण्याचा खर्च सदनिकाधारकांनी प्रमाणात सोसायचा. म्हणजे तिकडे साहेबांना सांगितलं मी देईन, इकडे तुला सांगितलं तू दे. हे कलम काढा, किंवा अमुक तारखेपर्यंत टँकरचा खर्च बिल्डरचा असं लिहून द्या, एवढंच म्हणून बघ. जो बिल्डर हे लिहून देईल त्याच्याकडे फ्लॅट घ्यायला मी तुझ्याबरोबर येईन. आणि माहितीच्या अधिकारात १० रुपयाचा अर्ज टाक पाणीपुरवठा खात्याला: ह्या गावासाठीची योजना मंजूर आहे का, वर्क ऑर्डर निघाली का, टाकीची जागा ताब्यात आहे का. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "प्रस्तावित आहे" असं आलं तर त्याचा अर्थ नाहीये, एवढं समजून घे. टाकीचा खांब जमिनीच्या वर आलेला डोळ्यांनी दिसला तर मात्र दोन-तीन वर्षं म्हणायला हरकत नाही.

मेट्रोचं थोडक्यात. रामवाडीच्या पुढे वाघोलीकडे विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली जून २०२५ ला, ते खरंय. पण ज्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला झालं ती रामवाडीला पोचली मार्च २०२४ ला. हिंजवडीच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ ची, २०२५ च्या पावसाळ्यातही लोक खांबांखाली गुडघाभर पाण्यात गाड्या ढकलत होते. मुलगी तुझी आत्ता सहा वर्षांची आहे. तू मेट्रोच्या भरवशावर घर घेतलंस तर त्या मेट्रोने ती कॉलेजला जाईल, शाळेला नाही. आणि मधली सगळी वर्षं त्याच नगर रोडवर खांबांचं काम चालू असणार आहे, हे ब्रोशरमध्ये कुठे असतं का?

रस्त्याचं तर विचारूच नको. नकाशावर चोवीस मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता असतो, लाल रंगाने काढलेला, प्रत्यक्षात तो टॉवरच्या गेटपासून निघतो आणि दोनशे मीटरवर कुणाच्यातरी कांद्याच्या वावरात जाऊन थांबतो. मग सगळे त्या शेतकऱ्याला शिव्या देतात, अडवून बसलाय म्हणून. तो का बसलाय? त्याला जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी विकता येणारा बांधकामाचा हक्क देतो म्हणतात, त्याला हवेत रोख पैसे, आणि कागदावरचा तो हक्क घेऊन त्याने बाजारात कुठे जायचं? तुझे सासरे त्याच्या जागी असते तर त्यांनी काय केलं असतं, एकदा विचारून बघ. मी आमच्या इथे कमिटीतर्फे अशा एका काकांकडे गेले होते रस्ता द्या म्हणायला, त्यांनी चहा दिला, गूळ-शेंगदाणे दिले, म्हणाले ताई, तुम्ही चारशे जण इथे आलात तेव्हा मला कुणी विचारायला आलं होतं का. मी काय बोलणार, शेंगदाणे खाल्ले आणि परत आले.

आता खरा अवघड भाग, घरातला.

नवऱ्याशी वाद घालू नकोस, त्याला फिरायला ने. रविवारी दुपारी नाही, रविवारी दुपारी पुण्यातला प्रत्येक रस्ता चांगला वाटतो. सोमवारी सकाळी साडेआठला तिथून खराडीपर्यंत बाइकवर या दोघं, आणि संध्याकाळी सातला उलटं जा. मग एखाद्या तयार सोसायटीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर अर्धा तास नुसतं बसा. पाण्याचे टँकर किती आत गेले ते मोजा, आणि मैल्याचे टँकर किती बाहेर आले तेही मोजा, हो, ड्रेनेज लाइन नसली की एक टँकर पाणी घेऊन येतो आणि एक घाण घेऊन जातो, आणि काही ठिकाणी तो दुसरा टँकरही येत नाही, सरळ मागच्या ओढ्यात सोडतात. वॉचमनशी बोला, जारवाल्याला विचारा ह्या सोसायटीत रोज किती जार टाकतोस, किराणा दुकानदाराला विचारा लाइट किती वेळा जाते. टँकरवाल्याला विचारा मे महिन्यात काय रेट होता. हे लोक खोटं बोलत नाहीत कारण त्यांना काही विकायचं नसतं. म्हणजे टँकरवाल्याला विकायचं असतं, पण तो तर रेट वाढवूनच सांगेल आणि ते आपल्याला चालतंय. कमिटीतला कुणी भेटला तर फार बरं, पण त्याला "फ्लॅट घ्यायचाय" म्हणू नका, "भाड्याने यायचंय" म्हणा, मालक लोक आपल्या सोसायटीचे रेट पडतील म्हणून विकत घेणाऱ्याला खरं सांगत नाहीत. मी पण नाही सांगितलं कधी कधी. लाज वाटते आता.

हे सगळं बघून त्याने स्वतः म्हटलं पाहिजे की थांबूया. तू म्हटलंस तर तू निगेटिव्ह, त्याने म्हटलं तर तो व्यवहारी. असो, आपल्याला काम होण्याशी मतलब.

आणि सासऱ्यांना हे त्यानेच सांगायचं, तू नाही. फोनवरही नाही, गावी जाऊन. कसं सांगायचं तेही सांगते: "दादा, घर घेणारच आहे, पण तिथे पाण्याची सोय नाही, एक वर्ष थांबतो, जमिनीला हात लावू नका." (तुमच्याकडे दादा म्हणतात की अण्णा ते तुम्ही बघा.) मला तर वाटतं त्यांना आतून बरंच वाटेल. पोराने मागितलं म्हणून हो म्हणणारा बाप आणि मनापासून विकणारा बाप ह्यात फरक असतो, आणि औशाच्या माणसाला पाणी नाही म्हणून थांबलो हे कारण समजावून सांगावं लागत नाही, २०१६ ला लातूरमध्ये टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती ते त्यांनी बघितलंय. शिवाय एक विचार, जमीन वडिलोपार्जित आहे का? नणंद आहे का तुला? असेल तर २००५ पासून मुलींचाही सारखा हिस्सा आहे, तिची सही लागणार, आणि घाईघाईत "ताई सही कर" म्हणून घेतलेली सही पुढे वीस वर्षं भाऊबीजेला आडवी येते. हे पण नवऱ्याच्या कानावर घाल, हळूच.

पैशाचंही एकदा कागदावर मांडा दोघं बसून. ६८ लाख हे ६८ नसतात. ५ टक्के जीएसटी, ७ टक्के स्टॅम्प ड्यूटी, ३० हजार रजिस्ट्रेशन, झाले साडेशहात्तर. ५५ लाखांचं लोन वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी धरलं तर हप्ता ४७-४८ हजार बसतो, आणि ताबा मिळेपर्यंत चंदननगरचं १९ हजार भाडं चालूच आहे. (पूर्ण हप्ता लगेच नाही सुरू होणार, जसं बांधकाम होईल तसं व्याज वाढत जाईल, पण सवय आतापासून ठेवा.) पझेशन डिसेंबर २०२८ हे कुणी सांगितलं, मॅडमने की महारेराने? जाहिरातीवर क्यूआर कोड असतो तो स्कॅन कर, प्रोजेक्टचं पान उघडतं, त्यावर जी तारीख आहे ती खरी, बाकी तोंडी. पुष्कळदा दोन्हींत वर्षा-दीड वर्षाचा फरक निघतो. त्या पानावर तक्रारी किती आहेत, किती फ्लॅट विकलेत, मंजूर नकाशा, सगळं असतं, अर्धा तास लागेल, पण ६८ लाखांसाठी अर्धा तास काय, आपण साडी घेताना दोन तास घालवतो.

भाड्याने राहायचा सल्ला ऐकून तुझे मिस्टर म्हणतील भाडं म्हणजे वाया. म्हणू देत. वर्षाचे सव्वादोन-अडीच लाख जातील, कबूल, पण ती फी आहे असं समजा. मुलीला शाळा कुठली मिळते, बस येते का, ताप आला तर रात्री अकराला डॉक्टर कुठे आहे, जुलैमध्ये गेटसमोर तळं होतं का, हे त्या एका वर्षात कळतं. आणि त्याच वेळी दुसरीकडेही बघत राहा. वडगावशेरी, चंदननगर, विमाननगरच्या आतल्या गल्ल्यांमध्ये पंधरा-वीस वर्षं जुने फ्लॅट रीसेलला येतात, चार मजली, लिफ्ट कुरकुरते, पार्किंगवरून भांडणं, जिम नाही, पूल नाही, पण किचनच्या नळाला पालिकेचं पाणी येतं, भले दिवसातून दोन तास येऊ दे. अशा घराला जीएसटी लागत नाही. तिथे कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का, पूर्णत्वाचा दाखला आहे का, हे मात्र वकिलाकडून बघून घ्या, जुन्या बिल्डिंगची दुखणी वेगळी असतात. खोल्या लहान मिळतील. हॉलमध्ये तुझ्या माहेरचा दिवाण बसणार नाही कदाचित. मला विचारशील तर मी दिवाण सोडेन.

आणि वर्षभर राहून तुम्हाला ते गाव आवडलंच, टाकीचा खांब वर आला, रस्ता कांद्यातून पुढे सरकला, तर तिथेच घ्या, त्यात वाईट काही नाही. रेट वाढले असतील, दोन-चार लाख जास्त जातील, त्यावरून मला दोन शिव्या घाला. तेव्हा निदान ब्रोशर बघून नाही, बादली बघून निर्णय घेतलेला असेल.

आत्ता मात्र बाकी सगळं राहू दे, उठ आणि अलॉटमेंट लेटरवरची तारीख बघ. पंधरा दिवस झाले नसतील तर आज रात्रीच मेल जाऊ दे, पाडव्याची वाट बघू नकोस. आणि सोमवारी टपरीवर बसलात की टँकर किती मोजले ते मला नक्की कळव.